उलटीकडून

पाणी संपलं की कबरस्तान शोधायचं,
एवढं तिसऱ्या दिवशी कळलं.
फाटकातून आत गेलं की डावीकडे नळ असतो,
फुलांसाठी, आणि त्याखाली पत्र्याची झारी.
मी बाटल्या भरते, तिथल्यांची नावं वाचते,
कुणाच्या वाटचं प्यायले ते माहीत असावं म्हणून.

क्रूझमधल्या या गावांना दुकान उरलेलं नाही.
पाव मिळतो नगरपालिकेशेजारच्या यंत्रातून:
नाणं टाकलं की आत धप्प आवाज,
आणि कोमट, लांबडा पाव हातात.
बारा ते दोन यंत्रही गप्प,
जेवायला गेल्यासारखं.

पाचव्या दिवशी उतारावर टणकन वाजलं.
मागच्या चाकाची तार.
चाकाला एवढा आऊट की दर फेरीला ब्रेक
एकदा, मध्येच, नाही म्हणायचा.

ऑन्सेल्म ओफोर. वय अठ्ठ्याहत्तर, निळा डगला,
खुब्यात लोखंड. खाजकुइलीत बुडालेली पडवी.
सायकल उलटी करून त्यानं चाक फिरवलं
आणि एकेक तार नखानं छेडून ऐकली,
ढिली कुठली ते कानानं ठरवत.
मग विचारलं, "सल?"
एकटी, असा त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत.
मला माझ्याच भाषेतला ऐकू आला.
दोन्हीला उत्तर एकच होतं, मान हलवली.

तो पोस्टमन होता. एकतीस वर्षं,
रोज तीच फेरी, सव्वीस किलोमीटर.
हिशोब भिंतीवर खडूनं मांडून ठेवलेला:
पृथ्वीला सहा प्रदक्षिणा, तालुका न ओलांडता.
माझ्या हँडलवरच्या मीटरमध्ये
चारशे बारा होते.
मी त्यावर हात ठेवला.

गिऱ्हाइकांचं सांगताना तो हसायचा.
नऊ नंबरची ओनोरीन, एकटी राहायची,
वर्तमानपत्र टपालानं मागवायची, रोज.
ती गेली तेव्हा भाच्यानं कपाट उघडलं,
तर सगळे अंक तसेच,
पट्टीसुद्धा न फाडलेले.
"वाचायचं नव्हतं तर पैसे का भरायचे?"
असं म्हणून त्यानं नवी तार आवळली.

पैसे घेईना. म्हणाला, एक काम कर.
माझी फेरी मार, पण उलटीकडून.
मी कधीच नाही गेलो तसा,
पत्रं त्या क्रमानं लावलेली असायची ना.
रविवारी? रविवारी कोण सायकलवर बसतं!
जा, आणि कसं दिसतं ते कळव.

गेले.
त्याचा सगळ्यात लाडका उतार
मला ढोपराएवढ्या गिअरवर चढावा लागला.
तांबड्या गाई कुंपणाशी येऊन
माझं दमणं बघत रवंथ करत होत्या.
त्यानं सांगितलेली कोरी दगडी भिंत
या बाजूनं कोरी नव्हतीच:
कुठल्याशा जुन्या मद्याची जाहिरात, निळी,
अर्धी पुसलेली, एक बाई पेला उंचावून
एकतीस वर्षं त्याच्या पाठीला शुभेच्छा देत उभी.

मग नऊ नंबर.
पुढून पाहिलं तर दार आणि टपालाची फट,
त्यानं सांगितलं होतं तेवढंच.
पण मी आले ती घराच्या पाठीकडून.
तिथे खिडकी आहे.
खिडकीखाली आतल्या बाजूला दगडी बैठक,
मधोमध झिजून बशीसारखी झालेली.
मी सायकल टेकवली आणि वळून पाहिलं,
ती बैठक जिकडे बघते तिकडे.
रस्ता. तीन वळणं, एक पूल, पुन्हा रस्ता,
जाणारा माणूस दिसेनासा व्हायला
चांगली सहा-सात मिनिटं लागावीत.

तो मागे वळून पाहणारा नव्हता.
पुढच्या घरची पत्रं वर असायची.

संध्याकाळी, पुढच्या गावात, कार्ड घेतलं.
लिहिलं: चढ वाईट आहे. गाई बऱ्या आहेत.
भिंतीवर एक बाई आहे, तिला तुमचा नमस्कार सांगितला.
चाक सरळ चालतंय.
मग बराच वेळ पेन दातात.
खाली एक ओळ मावण्याइतकी जागा होती.

नऊ नंबरच्या घराला मागून एक खिडकी आहे.

एवढंच लिहिलं. पेटीवर वेळ होती
सकाळी दहाची. तोवर ते परत काढता येणार नाही
हे टाकल्यावर लक्षात आलं.